परतीची उडी

शिवदासकाका पहाटे साडेपाचला गेले आणि साडेसहाच्या आत कामांची वाटणीही झाली. बांबू, सुतळी आणि कापड कमलेशकडे, नातेवाइकांना फोन करायचे पलीकडच्या घरातल्या रचनावहिनीकडे, लाकडांचे बघायचे शेजारच्या दोघांकडे. प्रणालीच्या वाट्याला बोका आला.

"बाय, तू नुसतं त्याला धरून ठेव," धर्माजी म्हणाले. "मानूस घरात हाय तवर बोका मोकळा दिसाया नको."

"का?" प्रणालीने विचारले. ती अलिबागला प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. डोळे रडून सुजले होते, तरी 'का' सवयीने बाहेर पडला.

"प्रेतावरून मांजरानं उडी मारली तर मेलेला सुटत न्हाय. घरातल्या घरात फिरत ऱ्हातो. कुठं कुठं तर उठून बसल्याचं पण ऐकलंय."

काका उठून बसले असते तर या घरात तरी कुणाची हरकत नव्हती, असे प्रणालीला वाटले. पण वाडीतल्या गेल्या चाळीस वर्षांतल्या प्रत्येक तिरडीची गाठ धर्माजींच्या हातची होती. अशा दिवशी त्यांना उलट विचारायची पद्धत नव्हती.

बोक्याचे नाव वायसर. चौल आणि आसपासच्या सुपारीच्या वाड्यांतल्या विहिरींवरचे पंप काका दुरुस्त करत. सात वर्षांपूर्वी एक भुरे पिल्लू त्यांच्या हत्यारांच्या पेटीत झोपलेले सापडले. पंपातल्या वॉशरसारखे कुठल्याही फटीत बरोबर बसते म्हणून त्यांनी त्याला वायसर म्हणायला सुरुवात केली. पुढे ते बोका झाले, फटीत मावेनासे झाले, नाव राहिले.

काका-काकूंना मूलबाळ नव्हते. सहा वर्षांपूर्वी दोघांचे कशावरून तरी बिनसले. भांडण महिनाभरात मिटले, पण एकमेकांशी सरळ बोलायची सवय मोडली ती मोडलीच. तेव्हापासून सगुणाकाकू म्हणायची, "वायसर, तुझ्या मालकाला सांग, भाकर निवतेय." काका पेटी आवरत उत्तर द्यायचे, "वायसर, तिला म्हणावं, हा एक बोल्ट कसतो नि येतो." प्रणाली कॉलेजसाठी या घरात राहायला आली तेव्हा पहिला आठवडाभर तिला वाटत होते, की काकू बोक्याला फार कामे सांगते.

आज काकू काकांच्या उशाशी बसली होती. रडत नव्हती. सात वाजता तिने सवयीने तोंड उघडले, "वायसर, सांग त्यांना, चा..." आणि मध्येच थांबली. जमलेल्या बायकांना तो हंबरडा वाटला आणि त्या सगळ्या मिळून रडल्या. काकू त्यांच्याकडे बघत राहिली.

प्रणालीने वायसरला मागच्या पडवीत कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवले आणि वर वरवंटा ठेवला. दोन मिनिटे शांततेत गेली. मग वायसरने असा काही सूर लावला, की पुढच्या ओटीवरची माणसे एकमेकांकडे बघू लागली.

धर्माजी धावत मागे आले. "अगो, रडतंय ते! मढ्याच्या घरात मांजर रडलं म्हणजे आणिक एक मानूस मागतंय."

हे आतल्या बायकांनी ऐकले. सगळ्यांच्या नजरा एकदम काशीआजीकडे गेल्या. काशीआजी नव्वदीच्या होत्या. त्या उठल्या आणि काठी टेकत बोक्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

"मग सोडू का त्याला?" प्रणालीने विचारले.

"सोडायचं न्हाय!"

"मग?"

"रडू द्यायचं न्हाय."

"आजोबा, तो कोंडलाय म्हणून रडतोय. सोडला तर रडणार नाही, पण मग उडी मारेल. दोन्ही एकदम कसं जमेल?"

"ते तू बघ. शिकलेली हायस."

प्रणालीने बघितले. न्हाणीघराच्या भिंतीवर एक पाल असते हे तिला ठाऊक होते. तिने वायसरला तिथे नेऊन सोडले आणि दाराला बाहेरून कडी घातली. वायसर पालीकडे बघत बसला. घर पुन्हा शांत झाले आणि ती दारात टेकून जरा निवांत रडणार, तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. जीवन हा काकांचा एकुलता धाकटा भाऊ. पनवेलला त्याचे ट्रक होते. अग्नी त्यानेच द्यायचा होता.

"निघालोय गं," त्याचा आवाज फुटत होता. "पेणपर्यंत आलो. पण पुढं सगळं जाम आहे म्हणतात. दादाला नीट ठेवलंय ना?"

"ठेवलंय, पप्पा. तुम्ही सावकाश या."

ती अंगणात उभी राहून बोलत असतानाच कमलेश सुतळी वळून मळलेले हात धुवायला न्हाणीघराकडे गेला. कमलेश रेवदंडा-अलिबाग मिनीडोर रिक्षा चालवायचा. तो बाजारात कापड, मडके आणि तूप आणायला निघाला होता. गाडीची चावी दातांत धरून त्याने कडी काढली. वायसर त्याच्या पायांतून बाहेर पडला, वळला आणि अगदी सावकाश त्याच्यासमोरून आडवा गेला.

कमलेश होता तिथे खाली बसला.

"काय झालं रे?" रचनावहिनीने विचारले.

"आडवा गेला, वहिनी. आपण आता हलणार नाय. आधी कुणीतरी पुढं जाऊ दे."

"अरे, कापड आणायचंय ना मढ्याचं!"

"म्हणूनच तर. मढ्याचं कापड आणायला जायचं नि त्यात मांजर आडवं, म्हणजे डबल झालं ना! घरी बायको हाय माझी."

पण पुढे जाणार कोण? आज कुणाला कुठेच जायचे नव्हते. जे कुणी येत होते ते इथेच येत होते. कमलेश पाऊण तास न्हाणीघराच्या दगडावर बसून राहिला. शेवटी पाववाला भोंगा वाजवत सायकलवरून रस्त्याने गेला, तेव्हा कमलेश टुणकन उठला आणि गाडीकडे पळाला. अपशकुन पावांबरोबर पुढच्या आळीत गेला होता.

तोपर्यंत इकडे व्हायचे ते होऊन गेले होते. प्रणाली फोन ठेवून बोक्याला शोधत ओटीवर आली. काकांना खाली चटईवर ठेवले होते. काकू गुडघ्यांत डोके घालून बसली होती, काशीआजी लांबच्या कोपऱ्यात पेंगत होत्या आणि वायसर काकांच्या उजव्या हाताशी उभा होता. त्याने तळवा हुंगला. मग डोके त्या तळव्याखाली घातले आणि वाट बघितली. हात हलला नाही. त्याने पुन्हा डोके घातले.

प्रणालीला त्याला उचलता आले असते. चार पावलांचे अंतर होते. तिच्याच्याने झाले नाही.

तेवढ्यात अंगणात कुणीतरी बांबू फोडला. कडकन आवाज झाला. वायसर दचकला आणि काकांच्या छातीवरून उडी मारून पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडला. पडला तो थेट धर्माजींच्या पायाशी.

"ह्यो आतून कसा आला?" धर्माजींनी खिडकीतून डोके आत घातले. "बाय, उडी मारली काय यानं?"

अंगणातली माणसे थांबली. नाही म्हणायला अर्धा सेकंद लागला असता. पण दोन वर्षे प्रॅक्टिकलच्या वहीत प्रणाली एकच गोष्ट शिकली होती: दिसले ते लिहायचे, दिसले नाही ते लिहायचे नाही.

"हो," ती म्हणाली. "उजवीकडून डावीकडे. छातीवरून. साधारण फूटभर उंचीवरून."

शेवटची तिन्ही वाक्ये तिला कुणी विचारलेली नव्हती.

त्यानंतर खांदा देणारे चौघे एकेक करून ओट्यावर बसत गेले. एकाच्या बायकोला सातवा लागला होता. दुसऱ्याच्या घरात तान्हे मूल होते. तिसऱ्याने नुकतीच बोट घेतली होती. चौथ्याला कारण सुचेना, म्हणून त्याने कंबर धरली.

"अहो, याला काही आधार नाही," प्रणाली कळवळून म्हणाली. "मांजर घाबरलं, त्यानं उडी मारली. संपलं."

"आधार न्हाय," धर्माजी म्हणाले.

"नाही."

"पण उडी मारली."

"मारली."

"मंग न्हाय म्हणायचं होतंस, पोरी! आता माज्या कानावर आलं. उद्या वाडीत कुणाची म्हैस आटली तरी माज्या नावानं खडे फोडतील. धर्माजीनं तसाच उचलला म्हणतील."

हा मुद्दा मात्र बिनतोड होता.

बाराच्या सुमारास धर्माजींनी तोड काढली. बोका ज्या बाजूने आला त्याच बाजूला त्याने परत उडी मारायची. उडी उलटली की दोष उलटला. हे त्यांना कुणी सांगितले होते असे कुणी विचारले नाही, कारण चौघांचे चेहरे लगेच उजळले. दिवस पौषातला, लहान. सहानंतर अग्नी देता येणार नाही आणि दोष लागलेले प्रेत रात्रभर घरात ठेवायला कुणीच तयार नव्हते.

"आनि एक," धर्माजी म्हणाले. "उडी झाली तरी ह्यो बोका या घरात नको. सांजच्याला पोत्यात घालून साळावच्या पुलापलीकडं. कमलेश, तू सोडून यायचं."

कमलेश बाजारातून नुकताच परतला होता. त्याने मान डोलावली. सगुणाकाकूने सकाळपासून पहिल्यांदा डोके वर केले. धर्माजींकडे बघितले, दाराकडे बघितले आणि डोके पुन्हा गुडघ्यांत घातले. प्रणालीला ती नजर कळली. या घरातून आज दोघे जाणार होते आणि दुसऱ्याबद्दल काकूला कुणी विचारलेसुद्धा नव्हते.

"काकू, मी नाही नेऊ देणार," ती जवळ जाऊन कुजबुजली.

"तू काय करशील?" काकू म्हणाली. "तुला खोटं पण बोलता येत न्हाय."

वायसर कौलांवर जाऊन बसला होता. सकाळभर ज्याने उडी मारू नये म्हणून माणसे त्याच्यामागे लागली होती, त्यानेच आता उडी मारावी म्हणून तीच माणसे खालून त्याला गोंजारू लागली. "ये रे राजा. ये रे सोन्या." वायसरने शेपूट पायांभोवती गुंडाळले.

"मासळीशिवाय येणार नाय तो," कमलेश म्हणाला.

"मढ्याच्या घरात मासळी?" काशीआजी कोपऱ्यातून ओरडल्या.

"खायची नाय, आजी. दाखवायची."

धर्माजींनी डोळे मिटून विचार केला आणि परवानगी दिली. रचनावहिनी आपल्या घरून पदराखाली मूठभर सुका जवळा घेऊन आली. तो काकांच्या उजव्या बाजूला चटईच्या कडेने ठेवला. उदबत्तीच्या वासात जवळ्याचा वास मिसळला. भेटायला आलेली माणसे नाकाला रुमाल लावून एकमेकांना विचारू लागली, की काका नक्की कधी गेले.

वायसर आला नाही. पण वहिनीच्या मागोमाग तिची पांढरी मांजर आली आणि वासावर कुठूनसा एक एकडोळ्या बोकाही आला. पांढरी जवळ्याकडे गेली, एकडोळ्या तिच्यावर धावला. ती काकांवरून पलीकडे, तो तिच्यामागून पलीकडे.

"थांबा! किती झाल्या?" धर्माजी किंचाळले. "बाय, मोज!"

कुणीतरी प्रणालीच्या हातात तिचीच प्रॅक्टिकलची वही दिली. तिने शेवटच्या पानावर रेघा मारल्या. तिला हे करायचे नव्हते, पण रकाने पडले की ते भरावेसे वाटतात.

"तीन उड्या," ती म्हणाली.

"आनिक एक झाली की चार. मंग जोड्या लागतील," धर्माजी म्हणाले. "सुटलो."

"पण आजोबा," प्रणालीच्या तोंडून निघून गेले, "दोष ज्या मांजराचा त्यानंच उलटवायचा असं तुम्ही म्हणालात. मग प्रत्येकाचं वेगळं मोजायला हवं. म्हणजे आता तीन दोष आहेत."

तिसऱ्याने, बोटवाल्याने, तिच्याकडे असे बघितले, की तिला वही मिटावीशी वाटली.

"हिला कुणी शिकवलं गो?" काशीआजी म्हणाल्या.

पावणेपाचला जीवनची गाडी दारात थांबली. वडखळच्या पुढे तो चार तास एकाच जागी उभा होता आणि चारही तास रडत होता. "दादा! दादा रे!" करत तो धावत ओटीवर चढला आणि थबकला. थोरला भाऊ चटईवर होता. त्याच्या बाजूला जवळा पसरलेला होता. दोन मांजरे पलीकडे बसून तोंडे चाटत होती. खोलीभर माणसे श्वास रोखून उभी होती आणि त्याची मुलगी हातात वही-पेन घेऊन टिपण करत होती.

"काय चाललंय हे?" जीवनने विचारले.

"श्श!" धर्माजी म्हणाले. "उडी मारतंय."

जीवनने मग जो हंबरडा फोडला, त्याने भिंतीवरची कॅलेंडरे हलली. दोन्ही मांजरे भेदरून काकांवरून उलट उडी मारून दारातून पसार झाली. प्रणालीने दोन रकाने पुरे केले. आपण काय करतोय हे तिला कळत होते. तिने वही ठेवली आणि जाऊन वडिलांना धरले.

त्या गोंधळात वायसर कधी खाली उतरला ते कुणी पाहिले नाही. तो आत आला. जवळ्याकडे त्याने पाहिलेही नाही. काकांच्या पायांशी गेला, अंगाचे वेटोळे केले आणि डोळे मिटले. वहिनीने जवळा नाकाशी धरला. धर्माजींनी चुचकारले. बोटवाल्याने मागून ढकलून पाहिले. वायसर पाण्यात भिजलेल्या गोणीसारखा जड झाला होता. त्याला भूक नव्हती आणि त्याला कुठे जायचे नव्हते.

सव्वापाच झाले. सुपारीच्या सावल्या विहिरीपर्यंत पोचल्या. जीवन भिंतीला टेकून म्हणत होता, "मी एकटा नेतो दादाला. पाठीवर घेतो." आणि तो खरेच नेईल अशी त्याची शरीरयष्टी नव्हती, म्हणून ते ऐकणाऱ्यांना आणखीच वाईट वाटत होते.

तेव्हा कमलेश म्हणाला, "बोका वरून जात नाय, तर काकांना खालून न्या की."

"म्हणजे?"

"बोका मी धरतो वर. तुम्ही काकांना त्याच्या खालून काढा. सेम टू सेम झालं ना?"

धर्माजींनी दाढी खाजवली. हे त्यांच्या चाळीस वर्षांत कधी आले नव्हते. त्यांनी सवयीने प्रणालीकडे मान वळवली. "बसतं काय ह्ये शास्त्रात?"

प्रणालीने विचार केला. अकरावीचे भौतिकशास्त्र तिला चांगले आठवत होते.

"बसतं," ती म्हणाली.

"प्रणाली!" जीवन ओरडला.

"पप्पा, बसतं. मांजर स्थिर धरलं आणि काका सरकले, तर काकांच्या दृष्टीनं..." इथे तिने चटईकडे पाहिले. काकांना आता दृष्टी नव्हती. "काकांच्या दृष्टीनं मांजरच सरकलं."

"झालं तर मंग. उचला!"

"फक्त एक आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "लांबीत नेऊन चालणार नाही. उडी आडवी होती. तिरडीही आडवीच न्यावी लागेल. काकांच्या डाव्या बाजूला."

तिने सांगितले नसते तरी चालले असते, हे तिला नंतर कळले.

तिरडी अंगणात आली. चौघांनी ती खांद्यावर न घेता हातांतच, कमरेइतकी धरली. खांद्यावर दोष फिटल्यावरच घेणार होते. काकांचे पाय ओट्याकडे, डोके अंगणाकडे. कमलेश ओट्याच्या कडेवर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी वायसरला पुढे धरले. वायसरने आधी त्याच्या मनगटाला लांबच लांब ओरखडे काढले आणि मग काय वाटले कोण जाणे, अंग सोडून दिले. तो नुसता खाली बघत लोंबकळत राहिला.

"हां, सरका. एक... दोन..."

चौघे खेकड्यांसारखे बाजूबाजूने सरकू लागले. आडवे सरकायची कुणालाच सवय नसल्याने दोघांचे पाय एकमेकांत अडकले. तिरडी कलली. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. जीवनने धावत जाऊन बाजू सावरली आणि तोही खेकडा झाला. हुंदके देत, आडवी पावले टाकत त्याने आपल्या भावाला बोक्याच्या खालून नेले. काकांचे गुडघे वायसरच्या सावलीतून पलीकडे गेले.

"गेलं काय?" धर्माजींनी विचारले.

"गेलं," प्रणाली म्हणाली. यात खोटे काहीच नव्हते.

मग तिरडी खांद्यांवर चढली, रामनाम सुरू झाले आणि सगळी माणसे समुद्राच्या बाजूला चालू लागली. ऊन अजून सुरूच्या शेंड्यांवर होते. कमलेशने जाता जाता वायसरला स्वयंपाकघरात ढकलले, बाहेरून कडी घातली आणि कडीला एक रिकामे पोते अडकवले.

घरात बायका उरल्या. रचनावहिनीने ओटी सारवली. काका जिथे होते तिथे तांदळाचे पीठ पातळ पसरले, पणती लावली आणि वर टोपली झाकली. गेलेला माणूस पुढे कोणाच्या जन्माला जातो, त्याचा पाय या पिठात उमटतो, असे वाडीत मानतात. स्मशानातून परतल्यावर टोपली उघडायची. मग सगळ्या अंघोळीला विहिरीवर गेल्या.

"काकू, चल," प्रणाली म्हणाली.

"जा तू. मी येते मागनं. जरा बसते."

माणसे परतली तेव्हा अंधारून आले होते. कडुलिंबाचा पाला चावून, पाय धुऊन सगळे ओटीवर जमले. काकू ओल्या केसांनी भिंतीशी बसली होती. स्वयंपाकघराची कडी जशीच्या तशी होती, तिच्यावर पोते लटकत होते. धर्माजींनी हात जोडले आणि टोपली उचलली.

पिठात चार ठसे होते.

धर्माजी वाकले, तसेच वाकलेले राहिले. "ह्यो तर..." ते म्हणाले. मग बंद दाराकडे त्यांची नजर गेली. "दार उघडलं काय कुणी?"

"कडी मीच घातलेली," कमलेश घाबऱ्या आवाजात म्हणाला. "तशीच हाय."

"बाय, तू बघ. हे तुजं शिक्षण. कशाचे ते नीट सांग."

प्रणालीने मोबाइलचा टॉर्च लावला आणि गुडघ्यांवर बसली. मागची गादी तीन गोलाईंची, पुढे चार बोटे, नखांच्या खुणा नाहीत. कुत्र्याचे नव्हेत, मुंगसाचे नव्हेत. तिने पुन्हा पाहिले. मग तिसऱ्यांदा पाहिले. चारही ठसे पुढच्या पायाचे होते. चारही उजव्या पायाचे. एका ओळीत, सारख्याच खोलीचे, पोस्टातल्या शिक्क्यासारखे. असे चालायचे तर मांजराला एका पायावर लंगडी घालावी लागली असती.

वर बघितले तर सगळी वाडी तिच्याकडे बघत होती. सकाळीही अशीच बघत होती.

"मांजराचे आहेत," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. पुढच्या पायाचे आहेत. मांजराचेच."

कोणत्या पायाचे, किती पायांचे, हे कुणी विचारले नाही. आणि या वेळी तिने न विचारलेले काही सांगितले नाही.

कमलेशने कडीवरचे पोते काढले, त्याची बारीक घडी केली आणि पँटच्या मागच्या बाजूला लपवली. मग दार उघडून तो बाजूला सरकला. वायसर बाहेर आला. धर्माजींनी त्याला वाट दिली.

"काका," कमलेश ओरखडलेले हात जोडून बोक्याला म्हणाला, "मघाशी जरा घट्ट धरलं. राग मानू नका."

सहा ट्रकचा मालक जीवन खाली बसला आणि त्या बोक्यासमोर लहान मुलासारखा रडायला लागला. वायसर थोडा वेळ थांबला. मग त्याच्या पायावरून चालत जाऊन काकूच्या मांडीशी बसला. धर्माजी उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "ह्या घरातून याला कुणी हलवायचं न्हाय. सांगून ठेवतो."

रचनावहिनीने आपल्या घरून पिठले-भात आणला. पंगत बसली. काशीआजींनी आपल्या पानातला पहिला घास बाजूला काढला आणि वायसरच्या पुढ्यात ठेवताना डोक्यावर पदर घेतला.

प्रणाली काकूच्या शेजारी बसली होती. बाकीच्यांचे लक्ष पानात आहे असे पाहून ती खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, चारही एकाच पायाचे आहेत."

काकूने भात कालवला. दिवसभरात तिने पहिल्यांदा घास घेतला, चावला, गिळला. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"दुसरा पाय देईचना गो," ती म्हणाली. "दोनदा चावला."